ॲनिलिन थेट नायट्रेट का करत नाहीत: रिंगवर गट बसवायचा क्रम

नांदेडहून एमएस्सी केलेल्या एका मुलानं विचारलंय: "वाळूजला मुलाखतीला गेलो होतो. पॅनलमधल्या साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, बेंझीनपासून पॅरा-नायट्रोॲनिलिन करून दाखव. मी लिहिलं: बेंझीनचं नायट्रेशन, मग रिडक्शन करून ॲनिलिन, मग परत नायट्रेशन. साहेब हसले. म्हणाले, यातून डांबर निघेल. सर, नेम रिॲक्शन सगळ्या पाठ आहेत, मेकॅनिझम काढता येतात. मग चुकलं कुठं? आणि कोणती रिॲक्शन कधी घ्यायची हे तुम्ही कंपनीतले लोक ठरवता कसं?"

तू माझ्याच विद्यापीठाचा निघालास, म्हणून अरे-तुरे करतोय. वाळूज आणि पैठण रोडच्या बाजूला मिळून एकवीस वर्षं झाली मला प्रोसेसमध्ये. पहिल्या मुलाखतीत मीही असंच काहीतरी लिहिलं होतं, फक्त माझे साहेब हसले नाहीत, सरळ पुढच्या मुलाला आत बोलावलं.

तुझ्या कागदावरचा बाण चुकलेला नाही. अमिनो गट नव्या गटाला ऑर्थो-पॅराला (शेजारच्या किंवा समोरच्या कार्बनवर) पाठवतो, हे बरोबरच आहे. पण तो बाण काढताना तू फ्लास्कमध्ये काय आहे ते पाहिलं नाहीस. नायट्रेशनला (रिंगवर नायट्रो गट बसवायला) मिक्स्ड ॲसिड लागतं, म्हणजे सल्फ्युरिक आणि नायट्रिक. ॲनिलिन हा बेस. तो त्या ॲसिडात पडल्या पडल्या प्रोटॉन घेतो आणि ॲनिलिनियम होतो. आता नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी प्रोटॉननं अडकवली, वर धन भार. तुझा दाता गट क्षणात घेणारा झाला. म्हणून या नायट्रेशनमध्ये मेटा (एक कार्बन सोडून) सुमारे ४७ टक्के, पॅरा ५१ आणि ऑर्थो जेमतेम २ टक्के मिळतो. निम्मा माल नको तो आयसोमर, गट तेच पण जागा वेगळी. जे थोडं ॲनिलिन प्रोटॉनविना उरतं, ते इतकं इलेक्ट्रॉननं भरलेलं असतं की नायट्रिक ॲसिड त्याला नायट्रेट करायच्या आधी जाळतंच. साहेबांचं डांबर ते हे.

म्हणजे तुला गट माहीत होता, पण त्या भांड्यात तो गट कोणत्या रूपात आहे हे विचारायचं राहिलं. आणि दुसरं म्हणजे क्रम. ॲरोमॅटिक रसायनात नव्वद टक्के डोकं क्रमात जातं. कोण आधी बसणार, कोण नंतर, मध्येच कोणाचं रूप बदलायचं, कोणाला नुसतं जागा धरायला बसवून उठवायचं.

मुळात हे डायरेक्टिंग प्रकरण, म्हणजे आधीचा गट नव्याची जागा ठरवतो ते, पाठांतराचं नाही. बेंझीनच्या रिंगला स्वतःची स्थिरता आहे, सुमारे ३६ किलोकॅलरी प्रति मोल. ती सोडायला रिंग तयार नसते. नायट्रोनियम (मिक्स्ड ॲसिडात तयार होणारा धन भाराचा नायट्रो) येऊन एका कार्बनला चिकटला की थोडा वेळ ती मोडते आणि रिंगवर धन भार येतो. हा भार वाटेल तिथं जात नाही. चिकटलेल्या जागेच्या दोन्ही ऑर्थो आणि एका पॅरा कार्बनवरच तो दिसतो. आता आधीचा गट त्या तीनपैकी एका कार्बनवर असेल आणि त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन असतील, तर तो भार उचलून धरतो. म्हणून देणारा गट नव्याला आपल्यापासून ऑर्थो-पॅराला बोलावतो. ओढणारा गट मात्र भार आपल्या अंगावर येऊ नये म्हणून नव्याला मेटाला ढकलतो. खरं तर तिथंही त्याला तो नकोच असतो, फक्त तिथं त्रास सगळ्यात कमी. मेटा म्हणजे आवडीची जागा नव्हे, नाइलाजाची.

आकड्यांत पाहिलं की पक्कं बसतं. टोल्युइन बेंझीनपेक्षा साधारण २५ पट वेगानं नायट्रेट होतं. क्लोरोबेंझीन तीसेक पट हळू, तरी नवा गट ऑर्थो-पॅरालाच. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतोही आणि भार आल्यावर देतोही, असा तो दुटप्पी. आणि नायट्रोबेंझीनचा वेग बेंझीनच्या कोटीव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणूनच बेंझीनचं नायट्रेशन एकावर थांबतं आणि मेटा-डायनायट्रोबेंझीन करायचं तर फ्युमिंग नायट्रिक आणि उष्णता लावावी लागते. हा वेगातला फरक मार्कांपुरता नाही. रिॲक्शन आपोआप थांबणार की आपल्याला थांबवावी लागणार, हे त्यावर ठरतं.

आता तुझ्या प्रश्नाचं कॉलेजातलं उत्तर, जे तू बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हातानं केलंयस आणि मुलाखतीत आठवलं नाही. ॲनिलिन आधी ॲसिटिलेट कर, म्हणजे नायट्रोजनवर ॲसिटिल गट चढव. झालं ॲसिटॅनिलाइड. नायट्रोजनची जोडी आता शेजारच्या कार्बोनिलमध्ये वाटली गेली, त्यामुळे तो बेस राहिला नाही, प्रोटॉन घेत नाही. तरी रिंगला द्यायला थोडं उरतं, तेवढं पुरतं. शिवाय ॲसिटिलचा पसारा ऑर्थोची दारं अडवतो, म्हणून पॅरा जास्त.

५ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड, ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक, त्यात हळूहळू १० मिली सल्फ्युरिक. इथंच भांडं गरम होतं आणि पोरं इथंच घाई करतात. बर्फ-मिठात ठेवून दोन अंशांपर्यंत खाली आण. मग २.२ मिली नायट्रिक आणि १.४ मिली सल्फ्युरिकचं थंड मिश्रण ड्रॉपरनं, थेंबाथेंबानं, आतलं तापमान दहाच्या वर जाऊ न देता. "आतलं" हा शब्द लक्षात ठेव; थर्मामीटर बर्फात नाही, मिश्रणात बुडलेलं पाहिजे. सगळं झालं की तासभर बाहेर ठेव आणि मग ५० ग्रॅम बर्फाच्या चुऱ्यावर ओत. फिकट पिवळा गाळ पडतो. तो ॲसिड जाईपर्यंत थंड पाण्यानं धू, अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइज कर. पिवळेपणा मदर लिकरमध्ये (स्फटिक गाळल्यावर उरलेल्या द्रावात) निघून जातो, कारण ऑर्थो तिकडं जास्त विरघळतो. हातात उरलेले स्फटिक जवळजवळ पांढरे, मेल्टिंग पॉइंट २१६ च्या आसपास. ऑर्थोचा ९४. एवढा फरक असताना शुद्धता तपासायला एचपीएलसी यंत्राची गरजच नाही, मेल्टिंग पॉइंटची केशनळी बस. मग ७० टक्के सल्फ्युरिकमध्ये वीस-तीस मिनिटं रिफ्लक्स, पाण्यात ओतून सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की भडक पिवळं पॅरा-नायट्रोॲनिलिन खाली बसतं, १४८ ला वितळतं.

हे उत्तर दिलं असतंस तर पास झाला असतास. पण साहेबांना खुर्चीतून उठवायचं असेल तर दुसरं उत्तर आहे, आणि मोठ्या प्रमाणावर माल तसाच बनतो. आधी क्लोरोबेंझीन. त्याचं नायट्रेशन: पॅरा ६५ टक्क्यांच्या आसपास, ऑर्थो ३४. पॅरा ८३ अंशांना गोठतो, ऑर्थो ३२-३३ ला, म्हणून गार केलं की बराचसा पॅरा स्फटिक होऊन वेगळा होतो, बाकी डिस्टिलेशननं. ऑर्थोही फेकत नाहीत, त्याचंही गिऱ्हाईक असतं. मग हा पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीन, आमच्या भाषेत पीएनसीबी, ऑटोक्लेव्हमध्ये अमोनियाबरोबर १७० अंशांच्या वर दाबाखाली. क्लोरीन गेला, अमिनो आला. ॲसिटिल लावा, काढा, ती भानगडच नाही.

इथं रिॲक्शनचा सगळा स्वभावच पालटला, हे बघ. आतापर्यंत रिंग इलेक्ट्रॉन देत होती, आता घेतेय. क्लोरोबेंझीनपासून फिनॉल करायला कॉस्टिकबरोबर ३५० अंश आणि प्रचंड दाब लागतो. पॅराला एक नायट्रो असेल तर १७०. ऑर्थो-पॅराला दोन असतील तर ९५. तीन असतील तर कोमट पाणीसुद्धा पुरतं. येणारा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा) ऋण भार घेऊन येतो आणि तो भार ठेवायला नायट्रोचे ऑक्सिजन मिळतात, पण नायट्रो ऑर्थो किंवा पॅराला असेल तरच. मेटाला असेल तर नुसता शेजारी, उपयोग नाही. जो नायट्रो गट पहिल्या प्रकारात धोंड होता, तोच दुसऱ्या प्रकारात इंजिन झाला.

आणि इथं हॅलोजनचा क्रमही उलटा. एसएन-टू मध्ये (साध्या कार्बन साखळीवरच्या अदलाबदलीत) तू शिकलास की आयोडाइड सगळ्यात पटकन निघतो. इथं फ्लोरीन सगळ्यात पुढं, कारण निघणं हे अवघड पाऊलच नाही, चिकटणं अवघड आहे. फ्लोरीन कार्बनला इतका उपाशी ठेवतो की न्यूक्लिओफाइल धावत येतो. पण याचा आंधळा वापर करू नकोस. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घे. त्याच्या आधीच्या टप्प्यातल्या क्यू-ॲसिडच्या रिंगवर सहाव्या जागी फ्लोरीन, सातव्या जागी क्लोरीन. पायपरॅझीन टाकलं की कोण जायला पाहिजे? पुस्तकाप्रमाणे फ्लोरीन. जातो क्लोरीन. कारण सातवी जागा चौथ्या कार्बनवरच्या कार्बोनिलच्या पॅरा रांगेत येते, ऋण भार तिथं जाऊन बसू शकतो. सहाव्या जागेवरून तो रस्ताच नाही. जागा जिंकली, हॅलोजन हरला. पण पूर्ण नाही. थोडं पायपरॅझीन सहाव्यावर बसतंच आणि क्लोरीन शाबूत राहतो. ही अशुद्धता युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या मानकांच्या ग्रंथात) नावानिशी नोंदलेली आहे. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला मी पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न टाकतो. शंभरातले ऐंशी फ्लोरीन म्हणतात.

क्रमाकडे परत येऊ. मेटा-नायट्रोॲसिटोफिनोन करायचंय. दोन्ही गट मेटा-डायरेक्टिंग, मग काय फरक पडतो कोण आधी? पडतो. नायट्रो आधी घातलास तर फ्रीडेल-क्राफ्ट्स, म्हणजे रिंगवर कार्बनचा गट बसवणारी रिॲक्शन, होणारच नाही. नायट्रोबेंझीन त्या रिॲक्शनला इतकं थंड आहे की त्याला चक्क सॉल्व्हंट म्हणून वापरतात. म्हणून ॲसिलेशन (कार्बोनिलवाला गट बसवणं) आधी, नायट्रेशन नंतर. मुलाखतीत हा आवडता सापळा आहे.

काही गट मध्येच पक्ष बदलतात, त्यांचा फायदा घ्यायचा. टोल्युइनचा मिथाइल ऑर्थो-पॅराला पाठवतो. तोच परमँगनेटनं ऑक्सिडाइज केला की कार्बोक्झिलिक ॲसिड, मेटाला पाठवणारा. पॅरा-नायट्रोबेंझॉइक ॲसिड हवं तर आधी नायट्रेशन, मग ऑक्सिडेशन. मेटा हवं तर आधी ऑक्सिडेशन. अभिकारक तेच, बाटल्या त्याच, फक्त कोणती आधी उघडायची. तसंच नायट्रो मेटाला पाठवतो, रिड्यूस होऊन अमिनो झाला की ऑर्थो-पॅराला. तू रिडक्शनचं पाऊल नुसतं एक पाऊल म्हणून लिहिलंस, पण ते वळण आहे.

आणि हा जागा धरण्याचा प्रकार मला सगळ्यात आवडतो. नांदेडच्या स्टँडवर लातूर गाडी लागायच्या आधी आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, सल्फोनिक ॲसिडचं रिंगवर तेच काम. ऑर्थो-नायट्रोॲनिलिन हवं असेल तर ॲसिटॅनिलाइडला आधी सल्फोनेट करायचं. तो मोठा गट पॅराला जाऊन बसतो. आता नायट्रेशन केलं की नायट्रोला ऑर्थोशिवाय जागाच नाही. मग डायल्यूट सल्फ्युरिकमध्ये उकळायचं. सल्फोनेशन उलट फिरतं, रुमाल निघाला, ॲसिटिलही त्याच उकळीत गेलं. नायट्रेशन असं उलट फिरत नाही, म्हणून रुमाल म्हणून नायट्रो चालत नाही, तो एकदा बसला की बसला.

अमिनोचा रुमाल याहून भारी. १,३,५-ट्रायब्रोमोबेंझीन सरळ बेंझीनवर ब्रोमीन घालून कधीच मिळणार नाही, कारण ब्रोमीन एकमेकांना मेटाला बसूच देत नाहीत. ॲनिलिनवर ब्रोमीन वॉटर ओत, तिन्ही जागा एका दमात भरतात, पांढरा गाळ. मग डायॲझोटाइज करून (नायट्राइटनं अमिनोचा सहज निघणारा डायॲझोनियम करून) हायपोफॉस्फरस ॲसिडनं तो अमिनोच काढून टाक. ज्यानं सगळ्यांना बसवलं तो स्वतः उठून गेला.

डायॲझोबद्दल दोन शब्द. शून्य ते पाच अंश, सोडियम नायट्राइट थेंबाथेंबानं, स्टार्च-आयोडाइड कागद निळा पडून निळाच राहिला की शेवट. जादाचं नायट्रस ॲसिड सल्फॅमिक ॲसिडनं मार. मारायचं का, तर एक म्हणजे ते पुढं सँडमायरमध्ये (डायॲझोच्या जागी हॅलोजन बसवताना) घाण करतं. आणि दुसरं, २०१८ मध्ये व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हा घातक नायट्रोसॅमीन सापडल्यापासून नायट्राइट म्हटलं की क्यूए (गुणवत्ता) वाल्यांच्या कपाळावर आठी येते. सेकंडरी अमीन जवळ असलं तर नायट्रोसॅमीन तयार होतो, म्हणून आता त्या पायरीचं जोखीम-मूल्यमापन लिहून द्यावं लागतं. डायॲझोनियम क्लोराइड कधी वाळवू नकोस, कोरडं झालं की स्फोट होऊ शकतो. गाळून, कोरडं करून, मग वापरू, असं कोणी म्हणालं तर त्याला खोलीबाहेर ने. कपलिंगसाठी (डायॲझोनियम दुसऱ्या रिंगला जोडून रंग करण्यासाठी) बीटा-नॅप्थॉल अल्कलीत विरघळवतात, कारण ओएचचा प्रोटॉन गेला की रिंग इलेक्ट्रॉननं तुडुंब भरते. वसमतची हळद चुन्यात कालवली की लाल होते, ते आपण घरी पाहतोच. तिथंही कर्क्युमिनचे प्रोटॉन जातात आणि रंग पालटतो. तुझ्या भांड्यात तशीच प्रोटॉन गेलेली रिंग डायॲझोनियमला ओढून घेते.

आता प्लांटमध्ये आम्ही ठरवतो कसं, या भागावर येतो. पहिला प्रश्न: या रिॲक्शनची उष्णता मला काढता येईल का? बाकी नंतर. एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, युनिट लहान होतं. ५०० लिटरचा ग्लास लाइन्ड रिॲक्टर, एका क्लोरो-ॲरोमॅटिकचं नायट्रेशन, आतलं तापमान दहा ते पंधरामध्ये धरायचं. रात्री अडीचच्या सुमाराला लाइट गेली. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू व्हायला काही मिनिटं लागली. मी कंट्रोल पॅनलपासून वर प्लॅटफॉर्मवर पोचलो तर ऑपरेटर खुशीत. म्हणाला, सर, टेंपरेचर छान खाली आलंय, नऊ झालंय. मी हेडर टँककडे, म्हणजे वरच्या ॲसिडच्या टाकीकडे पाहिलं. डोझिंग गुरुत्वाकर्षणानं होतं, त्याला विजेशी काही देणंघेणं नाही. ॲसिड सुरूच होतं. स्टरर बंद. म्हणजे आत खाली जड ॲसिड, वर ऑरगॅनिक, मध्ये फक्त एक पातळ सीमा, आणि थर्मोवेलची (तापमापक बसवायच्या नळीची) टोकं खालच्या ॲसिडात, जाकीटमधल्या ब्राइननं गार झालेली. नऊ हा आकडा खोटा नव्हता, पण तो रिॲक्शनचा नव्हता. न झालेली रिॲक्शन आत साठत होती.

डीजी आला. ऑपरेटरचा हात स्टररच्या हिरव्या बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं, आजही त्याला ते आठवतं. डोझिंगचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला, ब्राइन पूर्ण सोडलं, खाली लोकांना बाजूला केलं. मग स्टरर दोन सेकंद फिरवून बंद. पहिल्या झटक्यात तापमान अठरा अंश चढलं. थांबलो. परत खाली आलं. पुन्हा दोन सेकंद. असं करत पाऊण तास लागला. त्या रात्री साठलेलं प्रमाण कमी होतं, म्हणून मी हे लिहायला आहे. एक गोष्ट बदलली: ॲजिटेटरचा करंट पडला की डोझिंग व्हॉल्व्ह आपोआप बंद. हे इंटरलॉक आधीपासून असायला हवं होतं. पाहुणा म्हणून दुसऱ्या प्लांटमध्ये गेलो की मी अजूनही आधी तेच विचारतो, यील्ड नंतर.

मराठवाड्यात यात आणखी एक भर. मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच गरम, ते हवेच्या वेट-बल्ब (ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरच्या) तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. शून्याजवळची रिॲक्शन सगळी ब्राइनच्या चिलरवर, आणि चिलरचा कंडेन्सर परत त्याच गरम पाण्यावर. २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीच्या पाण्यात उद्योगांना कपात झाली, तेव्हा आम्ही नायट्रेशनच्या बॅचेस रात्री घ्यायला लागलो. कागदावर रिॲक्शनला ऋतू नसतो, प्लांटमध्ये असतो.

दुसरा प्रश्न: नंतर काय उरणार? इथं फ्रीडेल-क्राफ्ट्सची गंमत आहे. १८७७ पासूनची रिॲक्शन, पुस्तकात ॲल्युमिनियम क्लोराइडला 'कॅटॅलिस्ट' म्हणतात. ॲसिलेशनमध्ये तो कॅटॅलिस्ट नाहीच. जो कीटोन तयार होतो तोच त्याला घट्ट धरून बसतो, म्हणून एक मोलला एक मोलहून जास्त घालावा लागतो. तो सगळा शेवटी बर्फ आणि ॲसिडवर सोडायचा. मासवर (रिॲक्शनच्या मिश्रणावर) पाणी ओतायचं नाही, मासच बर्फाच्या पाण्यात सोडायचं, हळू. पाणी आत ओतलंस तर हायड्रोजन क्लोराइडचा ढग अंगावर येतो. आणि सगळं ॲल्युमिनियम ईटीपीत, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटात. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या ड्रमातलं ॲल्युमिनियम क्लोराइड बघ कधी, झाकण काढताच धूर आणि आत दगड. तो माल चार्ज केला की रिॲक्शन अर्धवट राहते आणि पोरं केमिस्ट्रीला दोष देतात.

आयब्युप्रोफेनची गोष्ट यासाठीच शिकवतात. बूट्स कंपनीचा जुना मार्ग सहा पायऱ्यांचा, पहिलीच पायरी आयसोब्यूटिलबेंझीनवर ॲल्युमिनियम क्लोराइडचं ॲसिलेशन. घातलेल्या अणूंपैकी ४० टक्के मालात येत. नंतरच्या बीएचसी कंपनीच्या मार्गात तीन पायऱ्या आणि ७७ टक्के. त्यातही पहिली पायरी ॲसिलेशनच आहे, फक्त हायड्रोजन फ्लोराइडमध्ये, आणि ते परत मिळवून परत वापरता येतं. म्हणजे रिंगवरची रिॲक्शन तीच, बदललं ते नंतर उरणारं. हायड्रोजन फ्लोराइड हाताळणं मात्र लेच्यापेच्याचं काम नाही, आणि काचेच्या अस्तराच्या रिॲक्टरमध्ये तर नाहीच, ते काच खातं.

अल्किलेशन, म्हणजे नुसती कार्बनची साखळी बसवणं, आम्ही शक्यतो टाळतो. एक गट बसला की रिंग आधीपेक्षा जास्त तयार होते, म्हणून दुसरा, तिसरा बसत जातो. वर कार्बोकॅटायन (येणारा धन भाराचा कार्बन) स्वतःची मांडणी बदलतो. एन-प्रोपिल क्लोराइड घालून आयसोप्रोपिलबेंझीनच जास्त मिळतं. सरळ साखळी हवी तर ॲसिलेट कर आणि मग क्लेमेन्सन रिडक्शननं कार्बोनिल काढ.

सुझुकी कपलिंगबद्दल, म्हणजे पॅलेडियमनं दोन रिंग जोडण्याबद्दल, विचारशीलच, हल्ली सगळे विचारतात. १९७९ चं काम, २०१० चं नोबेल हेक आणि नेगिशी यांच्याबरोबर. सुंदर आहे, सार्टन औषधांतल्या बायफिनाइलसारख्या जोडण्या त्यानं सोप्या झाल्या. पण दोन गोष्टी. पॅलेडियम औषधात राहू द्यायचं नाही, तोंडावाटे घ्यायच्या औषधाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा, आणि ते काढण्यात कधी कधी रिॲक्शनपेक्षा जास्त दिवस जातात. दुसरी जास्त महत्त्वाची: सुझुकी तिथंच होते जिथं हॅलोजन आहे. तो हॅलोजन तिथं कोणी बसवला? बहुतेक वेळा तुझ्या-माझ्या जुन्या नायट्रेशन, ब्रोमिनेशन, सँडमायरनं. जुने नियम विसरून थेट कपलिंगला पोचलेली पोरं मला भेटतात. स्टार्टिंग मटेरियल बाजारात मिळालं नाही की ती अडतात.

म्हणून पुढच्या वेळी कागद समोर आला की पेन उलटं धर. शेवटच्या रेणूपासून मागं ये. प्रत्येक गटापुढं लिही: तो आत्ता काय करतो, ॲसिडात काय होतो, त्याचं रूप बदलता येतं का. मग विचार, कोणते आयसोमर होतील आणि मी ते वेगळे कशानं करणार, मेल्टिंग पॉइंट, वाफ की विरघळणं. ऑर्थो-नायट्रोफिनॉल वाफेबरोबर निघून येतो, पॅरा मागं राहतो. कारण ऑर्थोचा हायड्रोजन बंध स्वतःच्याच नायट्रोशी. अशी एखादी सोय दिसली की मार्ग निम्मा ठरतो. साहेब पुढं "का?" विचारणारच, आणि तेव्हा तुझ्याकडे बाणापलीकडचं काहीतरी पाहिजे.

सराव हवा असेल तर कॉलेजच्या लॅबला परत जा, सरांना विचारून तो ॲसिटॅनिलाइडचा प्रयोग पुन्हा कर, पण यावेळी मदर लिकर सिंकमध्ये ओतू नकोस. त्याची टीएलसी (प्लेटवर घटक वेगळे करायची चाचणी) लाव, शेजारी तुझे पांढरे स्फटिक. वरती धावलेला पिवळा ठिपका ऑर्थोचा. तापमान दहाच्या आत ठेवून एकदा आणि मुद्दाम पंचवीसवर एकदा कर, छोट्या प्रमाणात, फ्यूम हूडमध्ये, चष्मा लावून. दोन्ही प्लेट आणि दोन्ही स्फटिकांचे मेल्टिंग पॉइंट मला पाठव.